दहा सीसीच्या इंजिनाचे एक्झॉस्ट तापमान: ८५, १९० की ६००?

फोंड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे मॉडेल विमानाचे दहा सीसीचे दोन-स्ट्रोक ग्लो इंजिन आहे, म्हणजे ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगवर पेटणारे. घरामागच्या शेडमध्ये लाकडी स्टँडवर बसवून ते ऐंशी टक्के मिथेनॉल आणि वीस टक्के एरंडेल अशा घरी मिसळलेल्या इंधनावर चालवतात. पूर्ण थ्रॉटलवर सायलेन्सरवर इन्फ्रारेड गन रोखली की ती ८५ अंश दाखवते, त्याच सायलेन्सरला बाहेरून आवळून बांधलेला थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांच्या जोडावरून तापमान मोजणारे साधन) १९० दाखवतो, आणि वाचनात मात्र सगळीकडे ६०० अंशांच्या आसपासचे आकडे येतात. यातला खरा आकडा कोणता, थर्मोकपल कोणता घ्यावा, त्याच्या आधारे कार्ब्युरेटरची सुई लावता येईल का, म्हणजे इंधन-हवेचे मिश्रण ठरवता येईल का, आणि हे उपकरण विमानात बसवून उडवण्यात काही अर्थ आहे का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

माझा नोकरीचा काळ मांडवी आणि जुवारीवरच्या खनिजवाहू बार्जींवर व ट्रॉलरांवर इंजिनांची मापन उपकरणे बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला. लहान इंजिने हा त्याच कामातून लागलेला छंद. त्यामुळे पुढचे उत्तर थोडे मोठ्या इंजिनांच्या अंगाने जाईल, पण त्याचा उपयोग होईल असे वाटते.

आधी ८५ अंशांचे पाहू. इन्फ्रारेड गन वायूचे तापमान मोजतच नाही. एक्झॉस्टचा वायू तिच्या दृष्टीने जवळजवळ पारदर्शक असतो. समोरच्या पृष्ठभागावरून येणारे अवरक्त किरण ती मोजते आणि तो पृष्ठभाग काळा व निस्तेज आहे असे गृहीत धरून आकडा काढते. बहुतेक स्वस्त गनमध्ये उत्सर्जनक्षमता (पृष्ठभाग किती किरण सोडतो त्याचे प्रमाण) ०.९५ अशी कायमची बसवलेली असते. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची उत्सर्जनक्षमता ०.२ च्या आसपास असते आणि घासून चकचकीत केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ०.०५ ते ०.१ इतकी कमी असू शकते. म्हणजे १९० अंशांच्या सायलेन्सरवरून गनकडे जे किरण येतात त्यांत त्याचे स्वतःचे गनला अपेक्षित असतात त्याहून बरेच कमी आणि बाकीचे शेडच्या भिंतींवरून परावर्तित झालेले असतात. शेडमध्ये ३० अंश धरून हा हिशेब मांडला, तर गनवर ८० ते ८५ हाच आकडा येतो. तेव्हा आपले पहिले दोन आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. ते एकाच पत्र्याचे तापमान आहे, एकदा चुकीच्या गृहीतकाने आणि एकदा बऱ्यापैकी बरोबर मोजलेले. स्कूटरच्या सायलेन्सरला मारतात तो काळा, उष्णतारोधक, बिनचकाकीचा रंग रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावून वाळवा आणि एकदा इंजिन चालवून भाजून घ्या. मग गन त्या ठिपक्यावर रोखली की दोन्ही आकडे जवळ येतील. मात्र गन जवळ धरावी लागेल. बारास एक प्रमाणाची गन १२ सेमीवरून १ सेमी व्यासाची जागा पाहते आणि ३० सेमीवरून अडीच सेमीची. लाल ठिपका फक्त रोख दाखवतो, मोजमापाची जागा त्या ठिपक्यापेक्षा बरीच मोठी असते. फिरत्या प्रॉपेलरजवळ १२ सेमीवर हात नेणे मला पसंत नाही. गन मागच्या बाजूने, स्टँडला बांधून रोखावी.

आता सायलेन्सरचा पत्रा १९० आणि आतला वायू त्याच्या दुप्पट-तिप्पट, हे कसे, असा प्रश्न साहजिक आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. तरीही हे सायलेन्सर वर्षानुवर्षे टिकतात. कारण आतला वायू पत्र्याला जेवढी उष्णता देतो, तेवढी प्रॉपेलरचा वारा बाहेरून लगेच काढून नेतो. पत्र्याचे तापमान ही त्या दोघांच्या रस्सीखेचीतली मधली जागा आहे. प्रॉपेलर बदलला, स्टँडची दिशा बदलली, समोरून वारा आला, तरी ती जागा सरकते आणि इंजिनाच्या आत काहीच बदललेले नसते. म्हणून बाहेरून बांधलेल्या थर्मोकपलवरून मिश्रणाविषयी काही ठरवू नये.

६०० चा आकडा येतो तो वेगळ्या इंजिनांवरून. हलक्या विमानांवर वापरले जाणारे रोटॅक्स ५८२ हे दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन घ्या. त्याच्या एक्झॉस्ट तापमानाची कमाल मर्यादा ६५० अंश आहे. शर्यतीच्या छोट्या कार्टगाड्यांच्या दोन-स्ट्रोक इंजिनांचे ट्यूनिंग करणारेही साधारण ५५० ते ६५० च्या पट्ट्यात बोलतात. मात्र ही सगळी पेट्रोलवर चालणारी, ठिणगीवर पेटणारी इंजिने आहेत आणि त्यांचे प्रोब (थर्मोकपलचे दांडे) पिस्टनपासून ठरावीक अंतरावर, थेट वायूच्या प्रवाहात बसवलेले असतात. आपले इंजिन मिथेनॉलवर चालते. एक किलो पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो मिथेनॉलला जेमतेम ६.४ किलो, म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर मिथेनॉल दुपटीहून अधिक जाते. त्यात मिथेनॉलची बाष्पीभवनाची उष्णता किलोला सुमारे ११०० किलोज्यूल, पेट्रोलची ३५० च्या आसपास. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तर हवेच्या प्रत्येक किलोमागे मिथेनॉल पेट्रोलच्या सातपट थंडावा देते. शिवाय ग्लो इंजिन नेहमीच रिच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त इंधनावर, चालवले जाते, पंचमांश इंधन हे बहुतांशी न जळणारे एरंडेल असते, आणि दोन-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच थेट एक्झॉस्टमधून निघून जातो. तेव्हा पेट्रोल इंजिनाचा आकडा गाठण्यासाठी कोणी ग्लो इंजिनाची सुई आवळत बसला, तर तो आकडा मिळण्याआधी कनेक्टिंग रॉडचे बुश किंवा पिस्टन जाईल.

थर्मोकपल नेमके काय मोजतो याविषयीही स्पष्ट असावे. तो स्वतःच्या टोकाचे तापमान मोजतो, एवढेच. १०,००० आरपीएमला दोन-स्ट्रोक इंजिन सेकंदाला सुमारे १६७ वेळा एक्झॉस्ट सोडते. एक फेरा ६ मिलिसेकंदांचा. एक्झॉस्टचे पोर्ट, म्हणजे सिलिंडरचे बाहेर सोडणारे तोंड, फेऱ्याच्या ३६० पैकी १५० अंश उघडे राहते असे धरले, तर त्यातले केवळ अडीच मिलिसेकंद गरम वायूचा झोत येतो. त्या झोताची सुरुवात सर्वांत गरम असते, शेवट थंड, आणि मधल्या वेळात पाइपमधला वायू पुढे-मागे हेलकावत असतो. या सगळ्याची सरासरी टोक घेते. त्यातून दोन गळत्या वजा होतात. एक, तापलेले टोक भोवतालच्या थंड भिंतीकडे उष्णता उत्सर्जित करते. दुसरी, प्रोबच्या दांड्यातून उष्णता बाहेर वाहत जाते. दीड मिमीचा प्रोब, ७०० अंशांचा वायू, ५० मीटर प्रतिसेकंद वेग आणि २५० अंशांची भिंत असा कागदावर हिशेब केला, तर निव्वळ उत्सर्जनामुळे आकडा पन्नासएक अंशांनी खाली येतो. हे उपकरणाचे वैगुण्य नाही, मोजमापाचा स्वभाव आहे, आणि महागातला महाग के-टाइप (थर्मोकपलची एक जात) प्रोब घेतला तरी तो तसाच राहतो.

बार्जीच्या इंजिनरूममध्ये प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टला एकेक पायरोमीटर असतो. जुना मेकॅनिक त्यांपैकी कोणाचाही आकडा मोठ्याने वाचत नाही. तो काट्यांच्या ओळीवरून नजर फिरवतो; सगळे काटे एका रेषेत असले की पुढे जातो, एखादा ओळीबाहेर असला की तिथे थांबतो आणि आधी त्या सिलिंडरचा इंजेक्टर पाहतो. सगळे प्रोब एकाच जातीचे, एकाच अंतरावर असल्यामुळे सगळ्यांची चूक सारखी असते आणि फरकात ती नाहीशी होते. आपल्या इंजिनाला एकच सिलिंडर आहे. शेजारी नाही, म्हणून तुलना करायची ती त्याच इंजिनाच्या मागच्या नोंदीशी. आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे: प्रोब एका जागी, एका खोलीवर पक्का बसवला आणि पुन्हा हलवला नाही, तर तो दाखवील तो आपल्या इंजिनाचा आकडा. दुसऱ्याच्या इंजिनाशी त्याची सांगड घालण्याच्या भानगडीत पडू नये.

खरेदीचे बोलायचे तर के-टाइपच घ्या. जे-टाइपमध्ये एक तार लोखंडाची असते आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ती फार दिवस धड राहत नाही. एन-टाइप जास्त तापमानाला अधिक स्थिर असतो, पण त्याला जुळणारे स्वस्त मीटर सहज मिळत नाहीत. के-टाइपमध्ये आवरणाचा व्यास हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. गोव्यातल्या औद्योगिक दुकानांत सहज हाती येतो तो ६ मिमीचा, बॉयलर-भट्टीसाठीचा. तो आपल्या कामाचा नाही. ३ मिमीचाही मोठाच. एक्झॉस्टच्या १० मिमी आतील व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मिमी. त्यात ३ मिमीचा प्रोब मध्यापर्यंत घातला तर १५ चौरस मिमी, म्हणजे जवळजवळ पंचमांश वाट अडते आणि आपण मोजत असलेले इंजिन वेगळेच होऊन बसते. दीड मिमीच्या प्रोबने ही अडवणूक दहा टक्क्यांच्या आत राहते. व्यास निम्मा केला की वायूतला प्रतिसादाचा वेळही साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. १ मिमीचा आणखी चपळ, पण एकसिलिंडरी इंजिनाच्या थरथराटात तो मानेपाशी तुटण्याची शक्यता अधिक. माझी निवड दीड मिमी, इन्कोनेल ६०० किंवा एसएस ३१० चे आवरण, आणि टोक आवरणापासून विलग केलेले, म्हणजे अनग्राउंडेड. हा मुंबईहून किंवा पुण्याहून लांबी सांगून बनवून घ्यावा लागतो. १०० मिमी लांबी पुरते. विक्रेता ‘ग्राउंडेड लवकर प्रतिसाद देतो’ असे सांगेल आणि ते खरेही आहे, पण त्याचा त्रास पुढे इलेक्ट्रॉनिक्समध्ये होतो, त्याकडे येतोच.

जागा निवडताना सायलेन्सरचे पोट टाळा. तिथे वायू पसरून थंड झालेला असतो, भिंती मोठ्या असतात, आणि एरंडेल साचते. पोर्टपासून तीन ते पाच सेमीवर, सायलेन्सरला जोडणाऱ्या बाकात प्रोब बसवावा. प्रोबची बुडालेली लांबी व्यासाच्या दहापट असावी असा मापनशास्त्रातला सर्वसाधारण नियम आहे; दीड मिमीला १५ मिमी. १० मिमीच्या नळीत आडवा प्रोब घालून हे जमणे शक्य नाही. यावरचा तोडगा बाकातच आहे: नळी जिथे वळते तिथे बाहेरच्या अंगाला भोक पाडून प्रोब नळीच्या अक्षावरून, टोक येणाऱ्या वायूकडे करून सरकवा. मग १५ काय, २० मिमीही बुडवता येतो, दांडाही गरम वायूतच राहतो आणि त्यातून होणारी गळती कमी होते. बाक पोलादी असेल तर बाहेरून पोलादाचा छोटा बॉस (आटा पाडण्यासाठीचा जाड तुकडा) चांदीच्या ब्रेझिंगने बसवावा, अ‍ॅल्युमिनियमचा असेल आणि भिंत जाड असेल तर थेट एम५ चा आटा पाडावा. त्यात भोक पाडलेला स्क्रू, आत पितळी फेरूल, म्हणजे प्रोबला आवळून धरणारी कडी. फेरूल एकदा आवळला की प्रोबची खोली कायमची ठरते, आणि नेमके तेच आपल्याला हवे आहे. या जोडातून हवेची गळती राहू देऊ नका. दोन झोतांच्या मध्ये नळीत निर्वात येतो, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडा कारण नसताना बदलतो. ट्यून्ड पाइप असेल तर मात्र प्रोब त्याच्या शंकूत घालू नका, हेडरमध्येच ठेवा.

वायरिंगमध्ये लोक सर्वांत जास्त फसतात ते रंगांवरून. अमेरिकी पद्धतीत के-टाइपची धन तार पिवळी आणि ऋण तार लाल असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत धन हिरवी आणि ऋण पांढरी. लाल म्हणजे धन ही आपल्या हातांची सवय, त्यामुळे अमेरिकी रंगांची तार हमखास उलटी जोडली जाते आणि इंजिन तापताना आकडा खाली जाऊ लागतो. रंगांवर विसंबण्यापेक्षा तारांची टोके सोलून छोटे लोहचुंबक लावून पाहा: के-टाइपची ऋण तार, अ‍ॅल्युमेलची, चुंबकाला चिकटते; धन तार चिकटत नाही. लांबी वाढवायची असेल तर के-टाइपचीच केबल वापरा. साधी तांब्याची वायर जोडली तर तो जोड जेवढा बोर्डापेक्षा (थर्मोकपल वाचणाऱ्या सर्किटपेक्षा) गरम असेल तेवढे अंश आकड्यातून वजा होतात. इंजिनाच्या मागे, गरम वाऱ्यात असलेला जोड ६० अंशांवर आणि बोर्ड ३२ अंशांवर असेल, तर २८ अंश कुठे गेले ते कळणारही नाही.

बोर्डांपैकी मॅक्स ६६७५ स्वस्त आणि सोपा आहे, १०२४ अंशांपर्यंत वाचतो, मात्र एका वाचनाला जवळजवळ पाव सेकंद घेतो. आपल्याला तेवढा वेग पुरे. मॅक्स ३१८५५ अधिक वेगवान आहे, पण थर्मोकपलची तार कुठेही जमिनीला, म्हणजे सर्किटच्या ग्राउंडला, टेकली की तो बिघाडाची खूण देऊन आकडा देणेच थांबवतो. स्टँड आपल्यासारखा लाकडी नसून पोलादी असला, तर ग्राउंडेड टोकाचा प्रोब इंजिनाच्या धातूला टेकलेला, इंजिन स्टँडला, स्टँड पुरवठ्याच्या ऋणाला, अशी साखळी नकळत तयार होते. अनग्राउंडेड घ्या म्हटले ते यासाठी. आणखी एक बारकावा: ३१८५५ प्रत्येक अंशाला सरसकट ४१.२७६ मायक्रोव्होल्ट धरतो, तर प्रत्यक्षात के-टाइपचा आलेख किंचित वाकडा असतो. ७०० अंशांना तो सहा-सात अंश जास्त दाखवतो. ५०० ला फरक अंशभराचाच. ग्लो इंजिनासाठी हे सोडून द्या. पुढे ठिणगीचे पेट्रोल इंजिन घेतलेत तर सीडीआयच्या (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) प्रत्येक ठिणगीला आकडा उडू लागेल. तारा पिळून घ्या, प्लगच्या केबलपासून दूर न्या, आणि रेझिस्टर असलेली प्लग कॅप वापरा.

मीटर हाती आल्यावर तो तपासल्याशिवाय बसवू नका. उकळत्या पाण्याचा आकडा आपल्याकडे फार सोयीचा आहे, कारण किनारपट्टीवर समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांनाच उकळते. फोंड्याच्या उंचीनेही यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. शून्यासाठी बर्फाचा चुरा आणि पाणी यांचा दाट लगदा करावा, पण तो बर्फ मासळीच्या पेटीतला नको. त्यात मीठ असते आणि लगदा शून्याच्या बराच खाली जातो. घरच्या फ्रिजचा बर्फ घ्यावा. वरच्या टोकाला तिसरा बिंदू हवा असेल तर रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचे ६३/३७ चे सोल्डर घ्या. ते १८३ अंशांना एकदम गोठते. छोट्या लोखंडी वाटीत वितळवून, प्रोब बुडवून, थंड होऊ द्या आणि दर दोन सेकंदांनी आकडा लिहा; उतरता आकडा एका ठिकाणी थबकतो, तोच १८३. ६०/४० चे सोल्डर असे एका बिंदूवर गोठत नाही. ट्रॉलरच्या जस्ताच्या अ‍ॅनोडचे तुकडे बंदरावर सहज मिळतात आणि शुद्ध जस्त ४१९.५ अंशांना गोठते हे खरे आहे, परंतु त्या अ‍ॅनोडांमध्ये कॅडमियम असू शकते आणि त्याचा धूर विषारी आहे. तो मोह टाळा. वेर्णा किंवा कुंडईच्या औषध कारखान्यात कोणी ओळखीचे असेल तर तिथल्या ड्राय-ब्लॉक कॅलिब्रेटरवर (तापमापक तपासायच्या यंत्रावर) काही मिनिटांत सगळे होऊन जाते. सर्वसाधारण, दुसऱ्या वर्गाच्या के-टाइपला ६०० अंशांवर साडेचार अंशांची मुभा प्रमाणातच दिलेली आहे. त्याहून बारीक अचूकतेचा हट्ट या कामात धरण्यात अर्थ नाही.

आता सुईचे. एकट्या एक्झॉस्ट तापमानावर सुई लावू नये. कारण ते तापमान फक्त मिश्रणाने ठरत नाही. ज्वलन केव्हा सुरू होते यानेही ठरते. ज्वलन उशिरा झाले की जळत असलेला वायू पोर्टमधून बाहेर पडतो आणि एक्झॉस्ट तापतो. लवकर झाले की उष्णता सिलिंडरच्या डोक्यात (हेडमध्ये) आणि पिस्टनमध्ये मुरते आणि एक्झॉस्ट उलट थंड होतो. ग्लो इंजिनात ठिणगीची वेळ ठरवणारे काहीच नसते. ग्लो प्लगची जात, कॉम्प्रेशन आणि इंजिनाचा स्वतःचा ताप यांवर ती वेळ सरकते. सुई आवळत गेले की मिश्रण लीन (हवेच्या मानाने कमी इंधनाचे) होऊन एक्झॉस्ट तापतो, पण त्याच वेळी प्लग अधिक तापून ज्वलन अलीकडे येते. एका टप्प्यापुढे दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. काटा थबकतो, प्रसंगी खाली येऊ लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की इंजिन थंड झाले. प्रत्यक्षात डोके तापत असते आणि पिस्टन धोक्यात असतो.

म्हणून तीन नोंदी एकत्र घ्या: एक्झॉस्ट, डोक्याचे तापमान आणि टॅकोमीटरवरचे आरपीएम. डोक्यासाठी प्लगच्या खाली वॉशरसारखा बसणारा थर्मोकपल मिळतो, किंवा डोक्याच्या पंखांमध्ये काळा ठिपका लावून गन चालेल. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पूर्ण थ्रॉटलला सुई इतकी उघडा की इंजिन गुरगुरत, एक फेरा सोडून पेटू लागेल. तिथून दोन-दोन क्लिक आवळा, प्रत्येक वेळी आकडे स्थिर होईपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबा आणि तिन्ही लिहा. सुरुवातीला तिन्ही चढतात. मग आरपीएमची चढण मंदावते, सपाट होते. डोके मात्र चढतच असते. आरपीएम अजून पडलेले नाही, डोके चढते आहे आणि एक्झॉस्ट थबकला आहे, ही जागा दिसली की आणखी एकही क्लिक आवळू नका. सुई मागे फिरवून आरपीएम शिखरापेक्षा दोनशे-तीनशेने खाली आणा. विमान उडू लागल्यावर प्रॉपेलर हलका होतो, इंजिन वेग घेते आणि मिश्रण आपोआप थोडे लीन होते, त्यासाठी ही राखीव जागा. या ठिकाणी एक्झॉस्टचा जो आकडा असेल तो वहीत तारीख, इंधन, प्लग आणि प्रॉपेलरसह लिहून ठेवा. सुई लावली ती आरपीएमने. एक्झॉस्टचा आकडा नंतरच्या दिवशी काही बिनसले आहे का हे सांगण्यासाठी.

बिनसण्याची कारणे आपल्या हवेत पुष्कळ आहेत. जूनच्या सुरुवातीला ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेचा सुमारे चार टक्के भाग पाण्याची वाफ असतो. जानेवारीच्या सकाळी २० अंश आणि ७० टक्क्यांना तो दीड टक्क्याच्या आसपास. वाफेने प्राणवायूची जागा घेतली, गरम हवा विरळही झाली, तर तीच सुई पावसाळ्यात रिच ठरते आणि एक्झॉस्टचा आकडा उतरतो. इंजिनात दोष नसतो. त्याहून वाईट म्हणजे मिथेनॉल हवेतला ओलावा पितो. अर्धवट भरलेला डबा जुलैत दोन आठवडे पडून राहिला की त्यातल्या पाण्यामुळे आकडा घसरतो, प्लगची बॅटरी काढल्यावर इंजिन मंदावते, आणि लोक प्लग बदलत बसतात. नव्या सीलबंद मिथेनॉलचे थोडे इंधन मिसळून आकडा पूर्ववत येतो का पाहावे. एक्झॉस्ट प्रोबचा मला सर्वांत जास्त उपयोग याच निदानासाठी झाला आहे.

ओलावा प्रोबलाही सोडत नाही. आवरणाच्या आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते आणि ती पाणी शोषते; मागच्या टोकाचे सील तडकले की पावसाळ्यात आकडे भरकटतात. प्रोब ओव्हनमध्ये १२० अंशांवर काही तास वाळवून सील इपॉक्सीने पुन्हा बंद केल्यास बहुधा सुधारतो. टोकावर जमणारा एरंडेलाचा काळा लाखेसारखा थर दर काही बैठकांनंतर बारीक स्टील वूलने काढावा, नाहीतर तो प्रोबला आळशी करतो. मीटरचे कनेक्टर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, हिरवट क्षार दिसले तर घासून काढा.

राहिला विमानात बसवण्याचा प्रश्न. दहा सीसीच्या ग्लो इंजिनासाठी, स्टँडवर वरची तीन आकड्यांची वही एकदा तयार झाल्यावर, मी उडवताना प्रोब काढून त्या भोकात बंद स्क्रू बसवीन. प्रोब आणि बोर्ड यांचे वजन थोडेच, पण थरथराटात तुटलेला प्रोबचा तुकडा सायलेन्सरमध्ये जाणे किंवा जोड सैल होऊन एक्झॉस्ट गळणे हे धोके मिळणाऱ्या माहितीपेक्षा मोठे आहेत. तीस सीसीच्या पुढच्या पेट्रोल इंजिनात, जिथे बंद काउलिंगमधली (इंजिनावरच्या आवरणातली) हवा उड्डाणात कशी फिरते हे स्टँडवर कळत नाही, तिथे टेलिमेट्रीवर (उडत्या विमानातून जमिनीवर आकडे पाठवणाऱ्या यंत्रणेवर) डोक्याचे तापमान आधी आणि जमल्यास एक्झॉस्ट नंतर, असा क्रम ठेवावा. छोट्या जेट टर्बाइनची गोष्ट वेगळी आहे. तिथे झोत अखंड असतो, प्रोब कारखान्यातच बसवलेला असतो, आणि सुरू होताना तापमान मर्यादेपलीकडे धावले तर नियंत्रक त्या एका आकड्यावरूनच इंधन तोडतो. तो प्रोब कधीही काढू नये, त्याच्या जागी दुसऱ्या व्यासाचा बसवू नये, आणि त्याची खोली निर्मात्याने सांगितलेल्या मापावरच ठेवावी.